पंचगंगेचा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारा

पावसाळ्यात कोल्हापुरात पानटपरीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते तो इंचांसकट सांगेल. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, आणि तेव्हापासून तर जुलै लागला की अख्खा जिल्हा मोबाइलवर पंचगंगेचे आकडे बघत बसतो. त्याच माणसाला मार्च-एप्रिलमध्ये विचारा, पंचगंगेच्या पाण्यात सध्या प्राणवायू किती आहे? तो नुसता बघत राहील. त्याचा दोष नाही. तो आकडा त्याला रोज सांगावा असं कुठल्या खात्याला वाटलेलं नाही आणि आपणही तो कधी हट्टाने मागितलेला नाही.

पंचगंगेसाठी जिल्ह्यात काही कमी झालेलं नाही. मानवी साखळ्या झाल्या, मोर्चे झाले, घाटावर स्वच्छता मोहिमा झाल्या, उच्च न्यायालयात याचिका झाल्या. नदीतलं काळं पाणी बाटल्यांत भरून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून झालं. या सगळ्यांबद्दल आदर ठेवून मला असं म्हणायचंय, की ही चळवळ नको त्या दारात उभी आहे. ती वर्षानुवर्षं सरकारच्या दारात बसली. पण ही नदी नासवणाऱ्यांमध्ये परके फार थोडे आहेत. साखर कारखाना सभासदांचा, महापालिका मतदारांची, ग्रामपंचायत तर घरातलीच. कुठल्या तरी परदेशी कंपनीशी लढणाऱ्या गावांना हे नशीब मिळत नाही. आपल्याला मिळालंय, आणि नेमकं तेच आपण वापरत नाही.

ज्यांनी ही नदी फक्त कोल्हापूरच्या घाटावरून पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशा पाच नद्यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून पंचगंगा सुरू होते. नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. जेमतेम ऐंशी किलोमीटरचा प्रवास. एवढ्याशा अंतरात तिला कोल्हापूर शहर भेटतं, इचलकरंजी भेटते, औद्योगिक वसाहती भेटतात, साखर कारखाने आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्या भेटतात, आणि काठावरची गावं. शेवटच्या टप्प्यात, शिरोळ तालुक्यात, ती येते तेव्हा वरच्या प्रत्येकाने आपला वाटा तिच्यात टाकलेला असतो. वाडीला दत्ताच्या पादुकांवर पाणी चढतं तो दक्षिणद्वार सोहळा बघायला महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं येतात. त्या पाण्यात काय काय आहे हे विचारणं तिथे अर्थातच बरं दिसत नाही.

त्यात ही नदी वर्षातले बरेच महिने वाहतच नाही. ती बंधाऱ्यांमागे उभी असते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या भागाने देशाला दिलेली अभिमानाची गोष्ट. खांबांच्या खाचांत बरगे घातले की पाणी अडतं, पावसाळ्याआधी ते काढले की पूर मोकळा जातो. शेतीला याने जीवदान दिलं. पण अडवलेल्या पाण्यात सांडपाणी येत राहिलं, तर त्याचं डबकं होतं. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा, की लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि बीओडी, म्हणजे ती घाण कुजायला लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत असावा. आसवनीतून निघणारं मळीचं पाणी, स्पेंटवॉश, याचा बीओडी हजारांच्या पटीत असतो, आणि एक लिटर मद्यार्क काढताना ते आठ ते पंधरा लिटर निघतं. ते रात्रीच्या अंधारात एखाद्या ओढ्यात सुटलं की सकाळी बंधाऱ्यावर मासे तोंड वर काढून तडफडायला लागतात. मग ते पकडायला काठावर झुंबड उडते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'माशांचा खच' असा मथळा येतो. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, बंधाऱ्याचं नाव तेवढं बदलतं.

यानंतर जे घडतं तेही ठरलेलं आहे. कार्यकर्ते जमतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला फोन जातो, तो येतो, नमुने घेतो, पंचनामा होतो. मासे मेल्यावर काही तासांनी घेतलेल्या नमुन्यात सापडणार काय? जे सोडलं ते तोवर पुढे गेलेलं असतं. तेरवाडच्या बंधाऱ्यावर एकदा संतापलेल्या आंदोलकांनी अशा अधिकाऱ्याला बांधून घातलं होतं. राग मी समजू शकतो, कृत्य मला पटत नाही. मंडळातल्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस दोरीत सापडतो आणि संमतीपत्रावर, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीवर, सही करणारे आपापल्या कार्यालयात सुखरूप असतात. वर, ज्या संस्थेला जाब विचारायचा तीच दुसऱ्या दिवशी अन्यायग्रस्त होऊन निवेदन काढते.

बाटल्यांचंही तसंच. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना कसा घ्यायचा हे बारकाईने लिहिलेलं आहे. तो मंडळाच्या माणसाने घ्यायचा, ज्याच्या आवारातून घेतला त्याला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे. नागरिकाने भरून आणलेली बाटली भावनेला हात घालते, न्यायालयात तिचा फारसा उपयोग नाही. याच कायद्याच्या ४९ व्या कलमात मात्र एक वाट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कुणीही नागरिक मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि अशी तक्रार झाल्यावर मंडळाला आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याने मागितले तर द्यावे लागतात, सार्वजनिक हिताच्या आड येत असतील तेवढे सोडून. साठ दिवस धीर धरणं मोर्च्याइतकं रोमांचक नसतं, हे खरं.

चळवळीचं एक मोठं यश आहे आणि त्याचं मोल कमी लेखू नये. गणपती. ज्या शहरात नदीत विसर्जन म्हणजे धर्म असं मानलं जायचं, तिथे अंधश्रद्धा निर्मूलनवाले, पर्यावरणवाले, तालीम मंडळं, शाळेतली मुलं यांनी वर्षानुवर्षं घाटावर उभं राहून मूर्ती आणि निर्माल्य मागून घेतलं. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. आज कोल्हापुरात इराणी खाणीतलं विसर्जन आणि प्रभागाप्रभागातले कुंड हे लोकांनी स्वीकारलेलं आहे. एवढ्या श्रद्धेच्या गोष्टीत सामान्य माणूस बदलला. पण त्याच घाटापासून हाकेच्या अंतरावर जयंती नाला नदीला मिळतो. तो अडवून, पंपाने उपसून, कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या, म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या, प्रक्रिया केंद्राकडे न्यायचा, अशी व्यवस्था आहे. पंप बंद पडला, वीज गेली, नाला ओसंडला, की सगळं थेट पंचगंगेत. भाविकाने सोडलेला हार आपण हातातून काढून घेतला. पंप का बंद होता, हे मात्र तितक्या चिकाटीने, रोज, त्या पंपापाशी उभं राहून कुणी विचारलं नाही. बदलायला सोपा माणूस होता, त्याला आपण बदललं.

महापालिकेला जाब विचारायचा कसा, हा प्रश्न आहेच. कारखान्याने नियम मोडला तर मंडळ वीज आणि पाणी तोडू शकतं, बँक गॅरंटी जप्त करू शकतं. शहराची वीज कशी तोडणार? दंड केला तर तो भरणार कोण? घरफाळा भरणारेच. २०२४ मध्ये केंद्राने जलप्रदूषण कायदा बदलून पुष्कळ गुन्ह्यांची कैद काढून टाकली आणि तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला. मोठ्या आसवनीच्या ताळेबंदात ही रक्कम शोधावी लागेल. कोल्हापुरात तर नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाने कारभार केला. नगरसेवकच नाही म्हटल्यावर नाल्याचा प्रश्न विचारायचा कुणाला? या काळात निवडणूक घ्या असं म्हणणं हीसुद्धा नदीची मागणी होती, पण नदीच्या व्यासपीठावरून ती फारशी ऐकू आली नाही.

आता इचलकरंजीकडे वळतो. या सगळ्या प्रश्नाची सगळ्यात अवघड गाठ तिथे आहे.

यंत्रमागांचं हे गाव पंचगंगेच्या काठावर वाढलं. कापडाला रंग देणाऱ्या प्रोसेस, सुताला खळ देणारी सायझिंग, आणि त्यांचं पाणी वाहून नेणारा काळा ओढा. २०१२ च्या उन्हाळ्यात इथे काविळीची मोठी साथ आली, हजारो माणसं आजारी पडली, काहींचा जीव गेला. नळातून घरात आलेल्या पाण्याने माणसं मेली, तेव्हा पंचगंगेचं प्रदूषण हा पर्यावरणवाल्यांचा विषय राहिला नाही. पण त्यातून शहराने शिकलेला धडा कोणता? आपली नदी आता पिण्याजोगी नाही, दुसरी शोधा. त्याआधीच कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून आणलेलं होतं. मग वारणेचं पाणी दानोळीतून आणायचं ठरलं, तर वारणाकाठ उठला, गावं बंद झाली. मग दूधगंगेचं पाणी सुळकूडहून आणायचं ठरलं, तर कागल तालुका उठला. आधी तुमची नदी स्वच्छ करा, मग आमच्याकडे या, असं दोन्हीकडच्या लोकांनी सुनावलं.

या वादात मी कुणाच्या बाजूचा, असं विचाराल तर उत्तर सरळ देता येणार नाही. वारणा आणि दूधगंगेकाठचे शेतकरी जे म्हणतात ते तत्त्व म्हणून बिनतोड आहे. एक नदी वापरून टाकली की पाइप टाकून पुढच्या नदीला हात घालायचा, ही सवय वाईट आहे. पण इचलकरंजीत चार-सहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी घागरी लावून बसते ती बाई यंत्रमागावरच्या कामगाराच्या घरची आहे. काळ्या ओढ्यात रंग तिने सोडलेला नाही. तिचा नळ अडवून ज्याला धडा शिकवायचा त्याला काहीच होत नाही, कारण त्याच्या अंगणात कूपनलिका असते आणि दारात टँकर. म्हणून अट घालायची तर ती नळाला नको, कारखानदारीला हवी. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र पुऱ्या क्षमतेने चालत नाही तोवर नव्या प्रोसेसला संमतीपत्र नाही, चालू असलेल्यांचा विस्तार नाही. प्यायच्या पाण्याला मात्र हो. वारणाकाठ आणि कागल यांनी ही भाषा घेतली असती, तर इचलकरंजीतला अर्धा कामगारवर्ग त्यांच्या बाजूने उभा राहिला असता, असं मला वाटतं.

कोल्हापूर शहराने हेच जरा सभ्यपणे केलं. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन टाकली. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं, आणि त्याचं कौतुकही झालं. व्हायलाच हवं होतं, लोकांना शुद्ध पाणी मिळालं. पण ज्या दिवशी शहर आपल्या नदीचं पाणी प्यायचं थांबतं, त्या दिवशी नदीच्या बाजूने बोलणारे लाखो लोक कमी होतात. पंचगंगेचं पाणी घशाखाली उतरत होतं तोवर ते कसं आहे याची धास्ती बिंदू चौकापासून बावड्यापर्यंत सगळ्यांना होती. आता ती धास्ती फक्त खालच्या गावांना उरली, आणि खालच्या गावांकडे ना माध्यमं आहेत ना महापालिका.

म्हणूनच मी सहकाराकडे येतो. इथे खालच्या गावांकडे काहीतरी आहे, आणि ते म्हणजे शेअर.

शिरोळ, हातकणंगले, करवीर, पन्हाळा या तालुक्यांतला ऊस उत्पादक एखाद्या तरी सहकारी कारखान्याचा सभासद असतो. उसाच्या दरासाठी हाच शेतकरी नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर येतो, ट्रॅक्टर अडवतो, काटा बंद पाडतो, आणि साखरसम्राटांना बोलणी करायला लावतो. महाराष्ट्रात शेतकऱ्याची एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या पिकात दिसत नाही. पण त्याच कारखान्याच्या मळीच्या पाण्याने त्याच्याच गावच्या बंधाऱ्यात मासे मेले, तर तो सरकारला निवेदन देतो. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून तो हे का विचारत नाही? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ऊस वेळेवर तुटायचा असतो. तोडणीची पाळी, मुलाची नोकरी, पतसंस्थेचं कर्ज, सगळ्या दोऱ्या एकाच ठिकाणी बांधलेल्या. आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण सभा म्हणजे तरी काय? अहवालाचं पहिलं पान वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' आणि मागून 'नामंजूर', दहा मिनिटांत राष्ट्रगीत. जाताना साखरेच्या पिशव्या.

तरीसुद्धा ती सभा हे एकमेव ठिकाण आहे जिथे प्रदूषण करणारा आणि प्रदूषण सोसणारा एका मंडपात, कायद्याने, समोरासमोर बसतात. लेखी प्रश्न आधी देता येतो. उत्तर इतिवृत्तात येतं. एकट्याने उठायची भीती असेल तर एका गावच्या दोनशे सभासदांनी एकच प्रश्न सह्यांनिशी द्यावा, दोनशे जणांचा ऊस कुणी अडवत नाही. प्रश्नही फार पांडित्याचे नकोत. गेल्या हंगामात आसवनी किती दिवस चालली, त्यात स्पेंटवॉश किती निघाला, तो कुठे गेला? मळीवर चालणाऱ्या आसवन्यांनी एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. मग साठवण तलावांची पातळी रोज कोण बघतं, ती नोंद सभासदाला का दिसत नाही? मंडळाच्या किती नोटिसा आल्या, बँक गॅरंटी किती जप्त झाली, आणि ती रक्कम ताळेबंदात कुठल्या शीर्षाखाली टाकली? दंड आपल्याच बिलातून कापला जातो हे एकदा ताळेबंदात दिसलं, की नदीचा प्रश्न दराच्या प्रश्नाइतकाच जवळचा होतो.

यावर मला दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, की सहकारी कारखाने आता किती उरलेत, बरेच खासगी झाले, आणि इचलकरंजीच्या प्रोसेसही खासगीच आहेत. मान्य आहे. तिथे हा मार्ग चालणार नाही, तिथे ४९ वं कलम आणि हरित न्यायाधिकरणच. पण सहकारी कारखान्याने एकदा आपल्या तलावांची रोजची नोंद फाटकावर लावली, की शेजारच्या खासगी कारखान्याला ती का लावत नाही हे सांगावं लागेल. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. नदीकाठच्या गावांचं स्वतःचं सांडपाणी कुठे जातं? ओढ्यातून नदीतच जातं. ज्या ग्रामपंचायतीने महापालिकेविरुद्ध ठराव केला, तिच्याही गटारीला शोषखड्डा किंवा स्थिरीकरण तळं नाही. चौदाव्या-पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावात पेव्हर ब्लॉकला गेला आणि कमानीला गेला. हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कुणाचा ऊसही आड येत नाही.

सरकारकडे काहीच मागायचं नाही असं मी म्हणत नाही. एक गोष्ट मागायलाच हवी, आणि तिला धरणाइतका पैसा लागत नाही. पाटबंधारे खातं पुराची पातळी जशी जाहीर करतं, तसा प्रत्येक बंधाऱ्यावरचा प्राणवायू रोज जाहीर व्हावा. मंडळ सध्या ठरलेल्या ठिकाणांचे महिन्याला नमुने घेतं आणि निर्देशांक प्रसिद्ध करतं. महिन्यातून एका दिवशी घेतलेला नमुना रात्री दोन वाजता सोडलेलं पाणी कधीच पकडत नाही. प्राणवायू मोजणारे, पाण्यात कायम बसवता येतील असे संवेदक आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. ते राजाराम, रुई, तेरवाड, शिरोळ इथे बसले आणि आकडा मोबाइलवर आला, तर दोन बंधाऱ्यांमधल्या फरकावरून घाण कुठल्या पट्ट्यात आली हे गावातलं बारावी शास्त्र झालेलं पोरगंही सांगेल. नमुना घेताना खालच्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी हजर असावा, हेही मागावं.

आणि एक मागणी सोडून द्यावी. मासे मेले की धरणातून पाणी सोडा, ही. राधानगरीचं पाणी सोडून घाण पुढे ढकलता येते, तेवढ्यापुरता वासही कमी होतो. पण ती घाण कृष्णेत जाते, कर्नाटकात जाते, तिथेही कुणाची तरी मोटर पाण्यात असते. शिवाय ते पाणी शेतीच्या वाट्यातून गेलेलं असतं. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या यादीत ३११ पट्टे होते, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आपलं पाणी पुढच्याच्या अंगावर लोटून ही संख्या कमी होणार नाही.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायला हवी. गाळप हंगाम साधारण त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होतो. म्हणजे सभेत अध्यक्षांनी दिलेलं उत्तर खरं होतं की नाही हे तपासायला डिसेंबरपर्यंत थांबलं की पुरे, बंधाऱ्यात बरगे पडलेले असतात आणि धुराडीही पेटलेली असतात. प्रश्न लेखी द्यायचे तर नोटीस हातात पडल्यावर दिवस थोडेच मिळतात, म्हणून सह्या ऑगस्टमध्येच, बेंदूर-पंचमी उरकली की, गोळा करायला लागाव्यात.